राजधानी गेली, देवघरे राहिली : कोलकात्याचा इतिहास आणि तेथील श्रद्धास्थाने

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



१९०६ सालच्या जानेवारीत ब्रिटनचे युवराज कलकत्त्यास आले आणि त्यांच्या हस्ते तेथील मैदानावर राणी व्हिक्टोरियाच्या स्मारकाची कोनशिला बसवण्यात आली. पुढे हेच युवराज पंचम जॉर्ज म्हणून गादीवर आले आणि १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्लीच्या दरबारात हिंदुस्थानची राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलवण्याची घोषणा त्यांनीच केली. स्मारकाचे काम मात्र चालूच राहिले. पांढऱ्या संगमरवराची ती भव्य वास्तू १९२१ साली खुली झाली, तेव्हा कलकत्ता राजधानी उरले नव्हते. राज्यकर्त्यांनी आपल्या वैभवासाठी उभारलेली या शहरातील सर्वांत मोठी इमारत पुरी झाली, ती राज्यकर्ते उठून गेल्यावर दहा वर्षांनी. आज ते एक प्रेक्षणीय संग्रहालय आहे.

त्याच शहरात आणखी एका जातीच्या वास्तू आहेत. काही स्मारकाहून जुन्या, काही नव्या. बहुतेक आकाराने लहान आणि अरुंद गल्ल्यांत दडलेल्या. काली मंदिर, आर्मेनियन चर्च, यहुद्यांचे सिनेगॉग, पारशांची अग्यारी, कच्छी मेमनांची मशीद, जैन मंदिर, चिनी देवालये. यांपैकी बहुसंख्य वास्तू सरकारी तिजोरीतून उभ्या राहिल्या नाहीत. पोटापाण्यासाठी, व्यापारासाठी किंवा परागंदा होऊन या नगरात आलेल्या माणसांनी त्या बांधल्या. राजधानीचे तीन शतकांचे चरित्र समजून घ्यायचे असेल तर राजवाड्यापेक्षा या श्रद्धास्थानांची वाट अधिक उपयोगी पडते. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

प्रथम नगराच्या जन्माविषयी. २४ ऑगस्ट १६९० रोजी ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जॉब चार्नॉक हुगळी नदीच्या पूर्वतीरावर सुतानुटी येथे उतरला, आणि हाच शहराचा जन्मदिवस असे दीर्घकाळ शाळांतून शिकवले गेले. २००३ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने चार्नॉकला शहराचा संस्थापक मानता येणार नाही आणि शहराला असा एकच जन्मदिवस नाही, असा निर्णय दिला. तो इतिहासाला धरूनच होता. सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर ही तीन गावे तेथे आधीपासून नांदत होती. 'आइन-इ-अकबरी'त कलिकाता हे नाव आढळते. सुतानुटीत सुताचा आणि कापडाचा बाजार होता. १६९८ साली कंपनीने सावर्ण रायचौधुरी घराण्याकडून या तीन गावांचे जमीनदारी हक्क १,३०० रुपयांना घेतले. एका साम्राज्याच्या राजधानीची ही मूळ किंमत.

या गावांच्या दक्षिणेस, गंगेच्या जुन्या प्रवाहाकाठी, कालीघाटचे देवस्थान होते. सतीच्या उजव्या पायाची बोटे येथे पडली अशी श्रद्धा असून एक्कावन्न शक्तिपीठांत त्याची गणना होते. आज दिसणारे मंदिर १८०९ साली, त्याच सावर्ण रायचौधुरी घराण्याच्या आश्रयाने पूर्ण झाले; परंतु स्थान त्याहून पुष्कळ जुने आहे. त्रिनेत्री देवीचे काळ्या पाषाणाचे मुख आणि तिची लांब सुवर्णजिव्हा पाहण्यासाठी बंगालभरातून यात्रेकरू येत. त्यांच्यासाठी एकोणिसाव्या शतकात पटुआ चित्रकारांनी स्वस्त कागदावर झरझर चित्रे काढून विकण्यास आरंभ केला. देवदेवतांच्या चित्रांबरोबर नव्या शहरातील छानछोकी बाबू, ढोंगी बैरागी यांचीही त्यांत थट्टा असे. 'कालीघाट पट' म्हणून ही शैली आज जगातील मोठ्या संग्रहालयांत पोहोचली आहे. शहराचे नाव कालीवरून पडले की काय, याविषयी पंडितांत एकमत नाही. मात्र इंग्रजांची वखार ज्या यात्रामार्गालगत वसली तो मार्ग देवीकडे जाणारा होता, एवढे निश्चित.

इंग्रज या व्यापारात एकटे नव्हते. आर्मेनियन व्यापारी त्यांच्याही आधी बंगालच्या बाजारपेठांत स्थिरावले होते. फारसी जाणणारे, मोगल दरबारच्या रीतिरिवाजांत मुरलेले हे लोक. तीन गावांचे हक्क मिळवण्याच्या वाटाघाटींत ख्वाजा इस्राएल सरहद या आर्मेनियन व्यापाऱ्याने कंपनीला मोलाचे साहाय्य केले, आणि पुढे बादशहा फर्रुखसियरकडे गेलेल्या कंपनीच्या शिष्टमंडळातही तो होता. बडाबाजाराच्या गजबजाटात १७२४ साली बांधलेले पवित्र नाझरेथचे आर्मेनियन चर्च आज शहरातील सर्वांत जुने उभे असलेले चर्च मानले जाते. त्याच्या अंगणातील एका कबरीवर १६३० हे साल वाचले जाते. त्या वाचनाविषयी संशोधकांत वाद आहे. ते बरोबर असेल तर चार्नॉकच्या साठ वर्षे आधी एका आर्मेनियन कुटुंबाने या भूमीत आपले माणूस पुरले होते असे म्हणावे लागेल. आजही हे लोक नाताळ ६ जानेवारीस साजरा करतात.

आता शहराच्या इतिहासातील जे पान मराठी श्रोत्यांना विशेष जवळचे, आणि थोडे अवघडही वाटेल, त्याकडे वळणे प्राप्त आहे. १७४२ साली नागपूरकर रघुजी भोसल्यांचे दिवाण भास्करपंत कोल्हटकर चौथाईच्या वसुलीसाठी बंगालवर चालून गेले. सरकारी घोडा आणि सरकारी हत्यार घेऊन लढणाऱ्या स्वाराला मराठीत 'बारगीर' म्हणतात. बंगालीत त्याचा 'बर्गी' झाला. मराठ्यांच्या बखरींत या स्वाऱ्या पराक्रमाच्या म्हणून येतात. बंगालच्या खेड्यांत मात्र त्यांची आठवण जळालेली घरे, लुटलेली धान्याची कोठारे आणि पळणारी कुटुंबे अशी राहिली. गंगाराम नावाच्या कवीने १७५१ च्या सुमारास 'महाराष्ट्र पुराण' नावाचे काव्यच त्यावर रचले. बर्गी आले असे सांगून मुलाला झोपवणारे अंगाईगीत बंगाली घरांत अजून म्हटले जाते.

या भीतीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणण्यास घेतला. लांबी सात मैल योजली होती. तीन मैल खणून झाले आणि संकट टळलेसे दिसताच काम थांबले. मराठे कलकत्त्यावर कधीच चालून आले नाहीत. १७५१ च्या तहात नवाब अलिवर्दीखानाने सालाना १२ लाख रुपये चौथाई मान्य केली, ओडिशावर भोसल्यांचा अंमल बसला आणि स्वाऱ्या थांबल्या. मात्र 'मराठा खंदक' ही शहराची सीमारेषा ठरली. कलकत्तेकरांना 'खंदकवाले' असे टोपणनावही पडले. पुढे तो टप्प्याटप्प्याने बुजवण्यात आला आणि त्याच्या वाटेवर सर्क्युलर रोड तयार झाला. आज त्या रस्त्यांना आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र या दोन शास्त्रज्ञांची नावे आहेत. बागबाजारात 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली मात्र अजून आहे. ज्यांच्या भीतीने खंदक खणला त्यांचे नाव एवढ्याशा गल्लीत उरले.

याच गोष्टीचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात शिवाजी उत्सव सुरू झाला. त्यामागे सखाराम गणेश देऊस्कर हे बंगालच्या मुलुखात वाढलेले आणि बंगालीतून लिहिणारे मराठी गृहस्थ होते. त्यांच्या १९०४ सालच्या 'देशेर कथा' या ग्रंथाने बंगालच्या स्वदेशी पिढीला परकीय राजवटीतील आर्थिक शोषणाचे आकडे समजावून सांगितले. १९१० साली सरकारने तो जप्त केला. रवींद्रनाथांनी शिवाजी उत्सवावर कविता लिहिली आणि १९०६ साली लोकमान्य टिळक या उत्सवासाठी कलकत्त्यास गेले. बर्गींच्या भयाची अंगाई आणि शिवरायांचा जयजयकार ही दोन्ही एकाच भूमीतली आहेत. दुसऱ्याच्या स्मृतीत आपण कसे उरलो आहोत हे ठाऊक असूनही त्याच्या भाषेत लिहून त्याचे मन जिंकणारे देऊस्कर, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने वाचावेत असे आहेत.

पुन्हा अठराव्या शतकाकडे. १७५६ साली सिराजउद्दौलाने कलकत्ता जिंकले. अपुऱ्या खंदकाने त्याला अडवले नाही. किल्ल्याशेजारचे इंग्रजांचे सेंट ॲन चर्च या लढाईत नष्ट झाले. पुढच्याच वर्षी, २३ जून १७५७ रोजी, प्लासीची लढाई होऊन सत्तेचे पारडे फिरले. नवा फोर्ट विल्यम बांधण्यासाठी गोविंदपूर हे गावच उठवण्यात आले. आजचे विस्तीर्ण मैदान ही त्या किल्ल्याच्या तोफांसाठी मोकळी ठेवलेली जागा होय. १७७२ साली खजिना मुर्शिदाबादहून कलकत्त्यास आला, १७७४ साली वॉरन हेस्टिंग्ज पहिला गव्हर्नर जनरल झाला आणि वखारीची राजधानी झाली.

राजधानीला साजेसे चर्च हवे होते. १७८४ साली सेंट जॉन चर्चची कोनशिला बसली आणि १७८७ साली ते उपासनेसाठी खुले झाले. याच्या बांधणीत त्या काळाचे सगळे ताणेबाणे दिसतात. जागा दिली ती शोभाबाजारचे महाराजा नवकृष्ण देव या हिंदू धनिकाने. पैशाचा काही भाग लॉटरीतून उभा राहिला. दगड आला तो गौड या बंगालच्या मध्ययुगीन मुसलमान राजधानीच्या अवशेषांतून. विटांच्या शहरात दगडी इमारत दुर्मीळ, म्हणून लोक त्याला 'पाथुरे गिर्जा', म्हणजे दगडी चर्च, म्हणू लागले. एका उजाड राजधानीचे दगड दुसरीच्या देवघराला लागले. योहान झोफानी या चित्रकाराने येथे रंगवलेले 'अखेरचे भोजन' आजही चर्चमध्ये आहे. त्यातील प्रेषितांसाठी त्याने कलकत्त्यातील ओळखीच्या माणसांचे चेहरे वापरले. आवारात जॉब चार्नॉकची अष्टकोनी कबर आहे. तिचा दगड मद्रासकडून आणलेला. त्याच दगडाला पुढे भूशास्त्रज्ञांनी 'चार्नोकाइट' असे नाव दिले. संस्थापकाचा मान न्यायालयात गेला, पण खडकाच्या नावात चार्नॉक टिकून राहिला.

सेंट पॉल कॅथेड्रल १८४७ साली पूर्ण झाले आणि प्रमुख चर्चचा मान त्याच्याकडे गेला. १८९७ आणि १९३४ च्या भूकंपांत त्याचा मनोरा कोसळला. सध्याचा मनोरा कँटरबरीच्या मनोऱ्याच्या धर्तीवर आहे. पश्चिमेकडील रंगीत काचांची खिडकी, १८७२ साली अंदमानात मारले गेलेले व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या स्मरणार्थ, एडवर्ड बर्न-जोन्स या चित्रकाराच्या आराखड्यावरून घडवलेली आहे.

या राजधानीचे मराठी भाषेवरही एक ऋण आहे. १८०० साली स्थापन झालेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात विल्यम केरी हा बाप्टिस्ट धर्मोपदेशक बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवी. तो राहत असे नदीच्या वरच्या अंगास श्रीरामपूर येथे. ते गाव डेन्मार्कच्या ताब्यात होते. कंपनीला आपल्या हद्दीत धर्मप्रचारक नको होते, म्हणून त्यांनी डॅनिश आश्रय घेतला. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने केरीने मराठीचे व्याकरण लिहिले आणि १८०५ साली श्रीरामपूरच्या छापखान्यात ते देवनागरी टाइपात छापले. १८१० साली तेथेच त्याचा मराठी कोश मोडी टाइपात निघाला. पेशवाई अद्याप चालू होती आणि पुण्यात छापखाना नव्हता, तेव्हा मराठी अक्षरे हुगळीच्या काठी शिशात ओतली जात होती. हेतू धर्मप्रसाराचा आणि राज्यकारभाराचा होता हे खरे. परंतु भाषेला त्याचा लाभ झाला हेही तितकेच खरे.

धर्मोपदेशकांच्या टीकेला आणि स्वसमाजातील रूढींना एकाच वेळी उत्तर देण्याचा प्रयत्न राजा राममोहन राय यांनी केला. १८२८ साली त्यांनी ब्राह्म सभेची स्थापना केली आणि जानेवारी १८३० मध्ये चितपूर मार्गावर तिची स्वतःची वास्तू झाली. तिच्या विश्वस्तपत्रात मूर्ती किंवा चित्र ठेवण्यास मनाई आहे आणि कोणत्याही जातिधर्माच्या माणसाला मज्जाव नाही. याच प्रवाहातील केशवचंद्र सेन १८६४ साली मुंबईस गेले आणि १८६७ साली तेथे प्रार्थना समाज उभा राहिला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्या कार्याचे एक मूळ असे चितपूरच्या रस्त्यापर्यंत जाते.

याच काळात एका स्त्रीने वेगळ्याच मार्गाने रूढीला वळण लावले. राणी रासमणी या कैवर्त समाजातील धनाढ्य विधवा जमीनदार. गंगेतील मासेमारीवर कंपनीने कर बसवला तेव्हा त्यांनी नदीचा एक पट्टाच इजाऱ्याने घेऊन तेथे साखळ्या बांधल्या आणि जहाजांची वाट अडवून कर मागे घ्यायला लावला, असे सांगतात. त्यांनी शहराच्या उत्तरेस दक्षिणेश्वर येथे नऊ शिखरांचे काली मंदिर बांधले. ३१ मे १८५५ रोजी देवीची प्रतिष्ठापना झाली. देऊळ तयार झाले, तरी शूद्र मानल्या गेलेल्या स्त्रीच्या देवळात पूजा करण्यास ब्राह्मण पुढे येईनात. अखेर रामकुमार चट्टोपाध्याय यांनी शास्त्राधार काढून मार्ग सुचवला आणि स्वतः पौरोहित्य पत्करले. त्यांच्याबरोबर त्यांचे धाकटे बंधू तेथे आले. तेच रामकृष्ण परमहंस होत. ज्या देवळात पाऊल टाकण्यास विद्वान कचरत होते, त्या देवळाच्या अंगणातून विवेकानंदांची परंपरा निघाली.

राजधानीत विजेते राहतात तसे पराभूतही आणून ठेवले जातात. १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या लढाईत टिपू सुलतान पडला. त्याचे कुटुंब वेल्लोरच्या किल्ल्यात ठेवले होते. १८०६ साली तेथे शिपायांचा उठाव झाल्यावर त्या सर्वांना कलकत्त्यास हलवण्यात आले. टिपूचा धाकटा मुलगा गुलाम मोहम्मद याने १८४२ साली धर्मतळा येथे वडिलांच्या नावाची मशीद बांधली. इंग्रजांशी लढून मेलेल्या राजाचे नाव इंग्रजांच्या राजधानीच्या मध्यवस्तीत असे कायमचे लागले. १८५६ साली अवधचे राज्य खालसा झाले आणि नवाब वाजिद अली शाह मटियाबुर्ज येथे येऊन राहिला. त्याने तेथे लखनौची छोटी प्रतिकृती वसवली, आणि १८८७ साली तो तेथल्याच इमामबाड्यात चिरविश्रांती पावला.

चितपूर मार्गावरच शहरातील सर्वांत मोठी मशीद, नाखुदा मशीद, आहे. कोकणच्या किनाऱ्यावरील नाखवा आणि हा नाखुदा एकच : नौकेचा धनी. समुद्रव्यापार करणाऱ्या कच्छी मेमन समाजाने ती बांधली. १९२६ साली पायाभरणी झाली. तिची घडण आग्र्याजवळील सिकंदरा येथील अकबराच्या कबरीवर बेतली आहे. राजधानी जाऊन पंधरा वर्षे लोटली होती. सरकार गेले तरी व्यापारी गेले नव्हते, याची ती मशीद साक्ष होय.

अशीच साक्ष आजूबाजूच्या गल्ल्यांत पावलोपावली मिळते. मुर्गीहाट्यात १७९९ सालचे पोर्तुगीज चर्च आहे. बद्रीदास टेंपल स्ट्रीटवर जवाहिऱ्या राय बद्रीदास यांनी १८६७ साली बांधलेले शीतलनाथांचे जैन मंदिर आहे, आणि आरसे-काचांच्या त्या मंदिरातील दिवा तेव्हापासून विझू दिलेला नाही. टिरेटा बाजारात चिनी समाजाची देवालये आहेत. या समाजाचा आद्य पुरुष आछू अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नदीकाठी साखर कारखाना काढून राहिला, आणि अछीपूर या गावाला त्याचेच नाव मिळाले. चिनी नववर्षाच्या दिवसांत कोलकात्याचे चिनी आजही त्याच्या समाधीस जातात. टांगऱ्यातील चिनी काली मंदिरात तर देवीला नूडल्सचा नैवेद्य दाखवतात.

मात्र यावरून हे शहर निव्वळ सलोख्याचे नंदनवन होते असा समज होऊ नये. १६ ऑगस्ट १९४६ पासून चार दिवस याच गल्ल्यांतून रक्ताचे पाट वाहिले आणि हजारो माणसे मारली गेली. एवढी देवालये एवढ्या जवळ असूनही ते थांबले नाही. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये गांधीजी बेलियाघाटा येथील एका पडीक घरात येऊन राहिले. स्वातंत्र्याचा दिवस त्यांनी दिल्लीत नव्हे, तेथे काढला. दंगल पुन्हा उसळली तेव्हा १ सप्टेंबरला त्यांनी उपवास आरंभला. ४ सप्टेंबरला सर्व पक्षांच्या नेत्यांनी शांततेची लेखी हमी दिल्यावरच तो सोडला. सलोखा इमारतींत नसतो, तो रोज सांभाळावा लागतो, हा धडा शहराने मोठी किंमत देऊन घेतला. १९५२ साली मदर तेरेसांनी मरणोन्मुख निराधारांसाठी 'निर्मल हृदय' सुरू केले, ते कालीघाटच्या मंदिरालगतच्या धर्मशाळेत. प्रारंभी विरोध झाला, आणि तो मावळलाही.

शेवटी त्या वास्तूंविषयी, ज्यांचे बांधणारेच उरले नाहीत. १७९८ साली आलेप्पोहून शालोम कोहेन हा यहुदी व्यापारी येथे आला, आणि त्याच्यामागून बगदादी यहुद्यांची वस्ती वाढली. १८८४ साली एझ्रा कुटुंबाने बांधलेले लाल विटांचे मागेन डेव्हिड सिनेगॉग हे तिच्या वैभवाचे शिखर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हजारोंच्या घरात असलेला हा समाज नंतर इस्राएल, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाकडे पांगला. आज शहरात मोजकी वृद्ध माणसे आहेत. परंतु सिनेगॉग झाडलेले असते, काचा पुसलेल्या असतात. पिढ्यान्‌पिढ्या ही निगा राखणारे सेवक मुसलमान आहेत, ओडिशातून आलेल्या कुटुंबांतले. या समाजाने १८८१ साली मुलींसाठी काढलेली शाळाही चालू आहे. तिच्यातील बहुसंख्य विद्यार्थिनी आज मुसलमान आहेत. आर्मेनियन समाजाची १८२१ साली स्थापन झालेली शाळाही टिकून आहे. शहरात पुरेशी आर्मेनियन मुले उरली नाहीत, तेव्हा संस्थेने आर्मेनिया आणि इराणमधून मुले आणून त्यांना शिकवले.

याच्या जोडीला एक उलट उदाहरणही ध्यानात ठेवावे. एझ्रा स्ट्रीटवर मुंबईहून आलेल्या रुस्तमजी कावसजी बनाजी यांनी १८३९ साली अग्यारी बांधली. शहरातील ती पहिली. आज ती बंद पडून मोडकळीस आली आहे. दानशूरपणात बनाजी एझ्रांहून कमी नव्हते, आणि इमारतही कच्ची नव्हती. वस्ती हलली, १९१२ साली दुसरी अग्यारी झाली, अग्नी तेथे प्रज्वलित राहिला आणि जुन्या वास्तूला रोज उघडणारा हात उरला नाही.

मागेन डेव्हिड आणि एझ्रा स्ट्रीट यांमध्ये चालत जाण्याचे अंतर आहे. दोन्ही वास्तू परमुलखात आलेल्या लहान समाजांनी, आपले काही जपावे म्हणून उभारल्या. एक टिकली आणि एक ढासळली. या दोहोंतील फरक संस्थापकांच्या श्रीमंतीत सापडत नाही, पुढच्यांच्या नित्यकर्मात सापडतो. आणि ते पुढचे त्याच रक्ताचे, त्याच धर्माचे असावे लागतात असेही नाही.

महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालणे ही सोपी गोष्ट नव्हे. तिची पहिली वीट ठेवणाऱ्यांचे स्मरण या अंकात होईलच, आणि ते झालेच पाहिजे. त्याबरोबर साठ वर्षे रोज सकाळी फाटक उघडणारे, फळा पुसणारे, घरी दुसरी भाषा बोलत असूनही येथे मराठी शिकलेले आणि शिकवणारे, यांचीही नोंद व्हावी. पुढे पंचाहत्तरीला येथे कोण असेल हे या दुसऱ्या यादीवर अवलंबून आहे. कोलकात्याच्या त्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष आता जमत नाहीत. तरीही रोज कोणीतरी दार उघडतो, दिवे पुसतो आणि आलेल्याला डोके झाकून आत यायला सांगतो.